पहिले दहा सेकंद

सभागृह हसलं.

दुबईत अल कुसैसमधल्या एका शाळेचं सभागृह. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. पडद्यावर एक माणूस बोलत होता. अंगात पांढऱ्यावर निळ्या चौकटींचा शर्ट. मग दुसरा माणूस आला. तोच शर्ट. तिसरा आला. तोच शर्ट, पण खांद्यात दाटलेला. चौथ्याला तो इतका ढगळ की मनगटं दिसत नव्हती. प्रत्येक जण दोन सेकंद. तोंडं हलत होती, पण आवाज काढून टाकला होता. त्या जागी ढोलकी वाजत होती. खट्याळ, फडावरची. पाचव्या माणसाला लोक हसायला लागले. आठव्याला टाळ्या पडल्या. बाराव्याला कुणीतरी शिट्टी मारली.

माझी मुलगी शेजारी बसली होती. अकरा वर्षांची. तिनं विचारलं, "बाबा, व्हाय आर दे लाफिंग?"

"सगळ्यांच्या अंगात एकच शर्ट आहे म्हणून."

"सो? दे शेअर्ड इट. व्हॉट्स फनी?"

पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटली होती. 'अनामिक कामगार, अल क्वोज, दुबई.' पुढच्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "किती गोड ना गं? काही मागणंच नसतं बिचाऱ्यांचं."

तो शर्ट माझा होता. त्या बारा माणसांतला एकही अनामिक नव्हता. आणि कॅमेरा ज्यानं धरला होता, तो माझा सख्खा थोरला भाऊ होता.

हे मी सावकाश लिहितो आहे. भरभर लिहिलं की राग पुढे धावतो आणि माणसं मागे राहतात.

दादाचं नाव आनंदा. शटरिंगचा सुतार. काँक्रीट ओतायच्या आधी फळ्यांचे साचे बांधायचे, ते त्याचं काम. त्याच्या त्या कामावर मी एम.ए. झालो. मग त्याच्याच मागून दुबईला आलो आणि एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून लागलो. तो अल क्वोजला कामगारांच्या कॅम्पात, एका रूममध्ये आणखी बारा जणांसोबत. मी देऱ्यात, शहराच्या जुन्या भागात, एसीच्या गारव्यात, नकाशांवर शिक्के मारत. शुक्रवारी मी त्याच्याकडे जायचो.

दादानं एक जुना हँडीकॅम घेतला होता. त्यात तळहातात मावणारी कॅसेट बसायची. शुक्रवारी आंघोळी झाल्या की पलंग झाकायला एक चादर टांगायची आणि एकेकाला तिच्यापुढे बसवायचं. प्रत्येकानं आपल्या घराला निरोप द्यायचा. कोणी पाच मिनिटं, कोणी सात. मग देऱ्यातल्या एका दुकानात प्रत्येकाची वेगळी सीडी करून घ्यायची, कॅसेट पुन्हा वापरायची आणि सीड्या सुट्टीवर निघालेल्या माणसाच्या बॅगेत टाकायच्या. कोकणातल्या आमच्या बाजूच्या चार-पाच गावांतलीच माणसं रूममध्ये होती. नेणारा गावी पोचला की सीड्या घेऊन घरोघरी फिरायचा.

दादाचे या कामाचे नियम होते. कॅमेरा सुरू झाला की आधी तो विचारायचा, "हां. बोल. कुनाच्या घरी?" मग समोरचा सांगायचा. "मधल्या वाडीत, सोनूबाबांच्या घरी. मी त्यांचा दोन नंबरचा, दीपक." एवढं झालं की दादा गप्प. पुढे सगळं त्या माणसाचं.

हे पहिले दहा सेकंद नेणाऱ्यासाठी असायचे. सीडी लावायची, नाव ऐकायचं, घर बरोबर आहे ना बघायचं, आणि उठून बाहेर पडवीत जाऊन बसायचं. पुढचं ऐकायचं नाही. निरोप घरच्यांचा. एकदा एकानं ऐकला आणि सुट्टीवरून परत आल्यावर रूममध्ये म्हणाला, "काय रे, बायकोला राणीसरकार म्हणतोस होय?" सगळे हसले. दादा हसला नाही. त्यानं पुढचे तीन महिने त्या माणसाचा निरोप घेतला नाही. शेवटी तो रडकुंडीला आला. "आनंदाभाऊ, चुकलो. राणीसरकारची पन माफी मागतो." तेव्हा कुठे दादानं त्याला चादरीपुढे बसवलं.

शर्टाचंही असंच. मला पहिल्या नोकरीसाठी घेतलेला शर्ट दाटायला लागला, म्हणून मी तो दादाला दिला होता. आठवडाभर ही माणसं कंपनीच्या कव्हरऑलमध्ये असायची. बाकीचे कपडे कॅम्पातल्या पाण्यानं विटून गेलेले. म्हणून निरोपापुरता तो शर्ट. एकानं काढायचा, दुसऱ्यानं घालायचा. घरी माणूस बरा दिसला पाहिजे. कोणत्याच घरानं दुसऱ्या घराचा निरोप बघायचा नाही, म्हणून ही गोष्ट गावात कधी कळली नाही. बारा घरांत त्या शर्टाचं कौतुक झालं. एकाच्या आईनं तर उलटा निरोप धाडला, की धाकट्यासाठी असलंच कापड पाठव.

सगळ्यांना शर्ट घालायला देऊन त्यांचं चित्रण करणारा दादा स्वतः कधी चादरीपुढे बसला नाही. मी म्हणायचो, "दादा, मी धरतो कॅमेरा, तू बस." तो म्हणायचा, "तू हायस की हितं. मी कुनाला निरोप देऊ?" आई-वडील आमचे गेलेले. लग्न त्यानं केलं नव्हतं. म्हणून त्या कॅसेटींवर दादाचा चेहरा कुठेच नाही. आवाज आहे. तेवढाच, सुरुवातीचा.

मग दोन हजार आठ आलं. माझ्या ऑफिसात नकाशे येणं थांबलं. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन महिनाभर एकाच बाजूला तोंड करून उभ्या होत्या. कॅम्पात सकाळी बस येईना. माणसं पलंगांवर बसून राहिली. फोरमन यायचा, म्हणायचा, "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक." मग फोरमनही येईना.

त्याच दिवसांत दादानं शेवटचे निरोप घेतले. बारा जण, दोन कॅसेटी. बाराही जण घरी सांगत होते, काम जोरात आहे. मी त्या शुक्रवारी तिथं होतो. एक जण बोलता बोलता खाली बघायला लागला. दादानं कॅमेरा बंद केला आणि शांतपणे म्हणाला, "खोटं बोलतोयस ते बोल. पन डोळं वर ठेव. आई डोळं बघते."

दादाच्या कंपनीनं गाशा गुंडाळला. माणसांना घोळक्या-घोळक्यानं विमानात बसवून परत पाठवलं. दादाही गेला. कॅमेरा आणि तीन कॅसेटी माझ्याकडे ठेवल्या. निरोपांच्या दोन. तिसरीवर रूममधला गणपती आणि रूममधली जयंती. म्हणाला, "तू टिकून राहा. मी येतो परत." तिसऱ्या वर्षी गावाकडेच त्याच्या छातीत दुखलं. मला फोन ऑफिसात आला. मी पोचलो तेव्हा राख थंड झाली होती.

त्या कॅसेटी मी कधी लावल्या नाहीत. दादाचा आवाज माझ्या पलंगाखाली एका पत्र्याच्या डब्यात होता. तो तिथं आहे, एवढं मला पुरत होतं.

मंदीला दहा वर्षं झाली तेव्हा इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक आवाहन फिरलं. एक संस्था आखातातल्या मराठी माणसांचा चित्रसंग्रह करत होती. 'तुमची गोष्ट, तुमच्या शब्दांत. जुन्या फिती, जुने व्हिडिओ द्या. आम्ही जपू.' काम बघणाऱ्या बाईंचं नाव सुमेधाताई. पुण्याच्या, एका मोठ्या कंपनीत एचआरला. मी फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, देवासारखे भेटलात! आमच्याकडे नुसती लग्नं, पिकनिक आणि गणेशोत्सव. लेबर क्लास पूर्ण मिसिंग आहे. आम्हाला संग्रह इन्क्लुसिव्ह करायचाय."

मी भेटायला गेलो. त्यांचा स्वभाव बोलका.

"गाव कुठलं तुमचं?"

"खेडच्या पुढे."

"अय्या, माझ्या आईचं माहेर त्याच बाजूला. कुठली वाडी?"

हा प्रश्न मला ओळखीचा आहे. कोकणात वाडी विचारली की बाकी काही विचारावं लागत नाही. मी म्हणालो, "नदीच्या पलीकडची. शेवटची."

"अच्छा. अच्छा अच्छा."

दोनदा जास्त. मी मोजलं. मग चहा आला. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चिनी मातीच्या कपात. मला कागदी कपात. कदाचित धुतलेले कप संपले असतील. कदाचित पाहुण्यांना तसाच देत असतील. असल्या 'कदाचित'वर मी उभा जन्म काढला आहे. खात्री कधीच होत नाही. झाली असती तर बरं झालं असतं. चहा मी प्यालो.

त्यांनी चार पानांचा फॉर्म पुढे केला. मी कागदाचा माणूस. सगळा वाचला. त्यात लिहिलं होतं, की साहित्य कायमचं संस्थेच्या मालकीचं होईल आणि संस्था त्यात योग्य ते बदल करू शकेल. मी बोट ठेवून विचारलं, "हे कायमचं म्हणजे?"

सुमेधाताई हसल्या. "फॉर्मॅलिटी हो. सगळ्यांकडून घेतो. आपण काय परके आहोत का? आपलीच माणसं आपण."

आपलीच.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, द्या की. पलंगाखाली ठेवून बुरशी आणायचीय का भाऊजींच्या आवाजाला?" तिचंही खरं होतं. पण माझी चूक तिच्यावर ढकलणार नाही. ऑफिसात मी सोळा वर्षांत एकही नकाशा प्रत काढल्याशिवाय आणि पोच घेतल्याशिवाय बाहेर सोडलेला नाही. नवशिक्यांना मी तेच शिकवतो. आणि दादाच्या कॅसेटी मी तशाच दिल्या. प्रत काढायची तर लावून ऐकाव्या लागल्या असत्या. ते मला झेपलं नसतं. शिवाय 'आपलीच' या शब्दाला मी भुललो होतो. त्या बाजूच्या माणसानं मला तसं म्हणायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. मला संशय आला होता. संशयावर मी सही केली.

दुसरी चूक याहून मोठी. निरोप माझे नव्हते. बारा घरांचे होते. नेणाऱ्यानं बाहेर पडवीत बसायचं असतं. मी सगळ्या गावाला आत बोलावलं.

म्हणून त्या दिवशी सभागृहात मी ढोलकी ऐकत बसलो होतो.

शर्टाचा विनोद संपला आणि पडदा काळा झाला. सुमेधाताईंनी फोनवर सांगितलं होतं, की एक निरोप पूर्ण दाखवणार आहोत. मी पाठ ताठ केली. सात वर्षं मी ज्याची तयारी करत होतो, तो आवाज आता येणार होता. हां. बोल. कुनाच्या घरी? मी मुलीचा हात धरला.

पडदा उजळला. दादा आला नाही. एकदम दीपकच.

"आई, बघ. बारीक नाय झालो." तो उभा राहून स्वतःभोवती फिरला. शर्ट दाखवला. "जेवन बेस हाय. काम जोरात हाय. तू फोनवर रडतेस ना, मग मला दोन दिवस जेवन जात नाय. म्हनून रडू नको. रडायचं असंल तर गायीजवळ जाऊन रड, मला सांगू नको."

गायीवर सभागृह पुन्हा हसलं. मग काही जणांनी डोळे पुसले. दीपकची आई चार वर्षांपूर्वी गेली. हे बोलणं तिच्यासाठी होतं. तीनशे लोक ते जेवणाआधीच्या सरबतासारखं प्याले.

दिवे लागले. सुमेधाताई मंचावर होत्या. कोणीतरी त्यांना विचारलं, "हे मिळालं कुठून?" त्यांनी माझ्याकडे हात केला. "हा बसलाय ना तिकडे, मटेरियल याच्याकडून आलंय." मग माइकवर सूर बदलला. "या ना, दोन शब्द बोला. छोटंसं. भावाबद्दल. मनापासून." मी मंचावर चढलो तेव्हा माइक बाजूला धरून हळूच म्हणाल्या, "इमोशनल असू दे हं."

मी माइक घेतला. मी बोलका माणूस नाही. एकच वाक्य बोललो. "प्रत्येक निरोपाचे पहिले दहा सेकंद कुठे आहेत?"

कोणाला कळलं नाही. पहिल्या रांगेतून फिल्मच्या एडिटर बाई उठल्या. त्यांना खरंच मदत करायची होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "सर, ते डेड फुटेज होतं. कॅमेरामनचा आवाज होता नुसता. सगळीकडे सेम लाइन. ट्रिम केलं."

कॅमेरामनचा आवाज. नुसता.

"त्यात नावं होती," मी म्हणालो. "तुम्ही नावं कापलीत आणि खाली अनामिक लिहिलंत."

सुमेधाताईंनी माझ्या हातातून माइक घेतला. ओढला नाही. हळुवार घेतला, आजाऱ्याच्या हातातला पेला घ्यावा तसा. "ते जरा भावुक झालेत. साहजिक आहे. एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या."

टाळ्या झाल्या. मी मंचावर उभा. आयुष्यात मला पुष्कळ बोललं गेलं आहे. शाळेत पाण्याच्या पिंपाजवळ, गावात देवळाच्या पायरीशी. पण माझ्या तोंडातला प्रश्न काढून घेऊन त्यावर टाळ्या वाजवल्या, असं आधी झालं नव्हतं. खाली माझी मुलगी बसली होती. सगळ्या सभागृहात फक्त तिचे हात मांडीवर होते.

घरी जाताना मेट्रोत ती म्हणाली, "दे डिडन्ट आन्सर यू, बाबा." मी हो म्हणालो.

पुढच्या आठवड्यात सुमेधाताईंचाच फोन आला. आवाजात साखर. फिल्मला परदेशातल्या एका महोत्सवानं बोलावलं होतं. पण त्यांना पडद्यावरच्या प्रत्येक माणसाची लेखी संमती हवी होती. मी गेलो. एडिटर बाईही बसल्या होत्या. यावेळी चहा चिनी मातीच्या कपात आला. मी तोही संशयानंच बघितला.

"सिंपल आहे," त्या म्हणाल्या. "त्यांच्या सगळ्यांच्या वतीनं तुम्ही एक सही करा. ही मुलं आता कुठे असतील कोण जाणे."

"कोणती मुलं?"

"ही... लेबर कॅम्पची."

"दीपक सत्तेचाळीस वर्षांचा आहे. त्याची मुलगी कॉलेजात आहे."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

मी विचारलं, "तिसरी कॅसेट. त्यातला गणपती तुम्ही घेतलात. त्याच रूममधली जयंती का नाही?"

त्यांनी एडिटर बाईंकडे बघितलं. "ते थोडं पॉलिटिकल वाटतं हो. आपण न्यूट्रल ठेवू या. गणपती कसा, सगळ्यांचा असतो."

त्या जयंतीला भिंतीवर निळ्या कोटातला फोटो लावला होता. खीर दादानं केली होती. बारा जणांनी खाल्ली, त्यात सगळ्या वाड्यांचे होते. गावाकडे जे आमच्या घरी पाणी पीत नाहीत, त्यांनी दोनदा मागून घेतली. चित्रण आहे. ते न्यूट्रल नव्हतं म्हणे.

सुमेधाताईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "हे बघा. तुमच्यासाठी खास." काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. 'छायाचित्रण' असं लिहून खाली माझ्या भावाचं पूर्ण नाव, आडनावासकट. अख्ख्या पडद्यावर एकटं. "सही झाली की हे फायनल. परदेशात दिसेल तुमच्या भावाचं नाव."

खोटं लिहिणार नाही. मला ते हवं होतं. फार हवं होतं. दादाचं नाव आजवर कंपनीच्या हजेरीपुस्तकात आणि मृत्यूच्या दाखल्यावर, एवढंच छापलेलं मी बघितलं होतं. पेन माझ्या खिशात होतं. माझा हात तिथपर्यंत गेलाही.

तेवढ्यात मला कळलं, की इथं काय चाललंय. बारा जणांची नावं कापायची आणि एकाचं नाव मोठं करून मला द्यायचं. जे कापलं ते मी विसरावं म्हणून.

"मी सही करणार नाही," मी म्हणालो.

"मग फिल्म जाणार नाही."

"नको जाऊ दे."

"आणि तुमच्या भावाचं नाव?"

"तेही नको."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच गेलं. "तुम्ही लोक उगाच सगळ्यात अपमान शोधता. आम्ही घेतलं नसतं ना, तर हे कचऱ्यात गेलं असतं."

तुम्ही लोक. आता खात्री झाली. बरं वाटलं म्हणालो तर कोणाला पटणार नाही, पण बरं वाटलं.

मी घरी येऊन एक पत्र लिहिलं. मला तेवढंच येतं. संस्थेला लेखी विचारलं: बारा व्यक्तींचे खाजगी निरोप त्यांच्या संमतीविना तुमच्या ताब्यात आहेत आणि त्यांतला एक तुम्ही जाहीरपणे दाखवला, याची शिक्क्यासह पोच द्यावी. एवढंच. धमकी नाही, शिवी नाही. ऑफिसात मी बघितलं आहे, ओरडणाऱ्याला कोणी घाबरत नाही. पोच मागणाऱ्याला घाबरतात.

नवव्या दिवशी डबा घरी आला. तिन्ही कॅसेटी आत. सोबत एक ओळ: संगणकावरच्या प्रती काढून टाकल्या आहेत. माझा विश्वास नाही. ठेवणारही नाही.

देऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडून कॅमेरा दुरुस्त करून घेतला. कॅसेट लावून बघितली नाही. पहिला गेलो दीपककडे. तो पुन्हा इकडे आला आहे, अल क्वोजमधल्या एका गोदामात सुपरवायझर आहे. दुपारच्या सुट्टीत त्याच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसलो. सगळं सांगितलं. माझी सही, शर्ट, हशा, गाय. त्यानं जेवणाचा डबा बाजूला सारला. मग म्हणाला, "लाव."

मी कॅमेऱ्याचा छोटा पडदा उघडला.

"हां. बोल. कुनाच्या घरी?"

दादा. थोडा घसा बसलेला. मागे कोणीतरी बादली ठेवली. एवढंच. मी उठलो आणि केबिनचं दार ओढून बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो. नाव ऐकून झालं होतं. पुढचं माझं नव्हतं.

सात-आठ मिनिटांनी दीपकनं आत बोलावलं. डोळे लाल. म्हणाला, "पूस."

मी कॅमेऱ्याचा पडदा मिटला.

"आईसाठी होतं. आईनं बघितलं. खलास. आता ते कुनासाठी ठेवायचं? पूस."

"दीपकभाऊ, दादाचा आवाज पण जाईल त्यात."

"म्हायत हाय मला. आनंदाभाऊचा आवाज मला नको झालाय असं वाटतं तुला? तू मनात म्हनत असशील, आधी गुपचूप कॉपी काढून ठेवायला हवी होती."

मी तेच म्हणत होतो. मी ते कबूल केलं. तो पहिल्यांदा हसला. "शिकलेला मानूस."

पुसायची रीत सोपी आहे. कॅसेट मागे घ्यायची, भिंगावर झाकण लावायचं आणि रेकॉर्ड दाबून बसायचं. चित्र काळं होतं. आवाज मात्र कॅमेरा आजूबाजूचा टिपतो, म्हणून बोलायचं नाही. आम्ही दोघं समोरासमोर बसून राहिलो. बाहेर फोर्कलिफ्ट मागे येताना पीप पीप करत होती. ती पीप पीप कॅसेटवर गेली. सुरुवातीलाच दादाचा आवाज गेला. मला कळलं कधी गेला ते.

अकरा उरले आहेत. दोघं शारजात, एक दोह्यात, सहा गावाकडे. दोघं वारले, त्यांच्या घरी विचारीन. प्रत्येकाकडे मी स्वतः जाणार. जो म्हणेल ठेव, त्याची प्रत करून त्याच्या हातात देईन. जो म्हणेल पूस, त्याचं पुसेन. गावातल्या सीड्या पावसाळ्यांत केव्हाच बाद झाल्या, आणि तिसऱ्या कॅसेटवर दादा बोलत नाही. बाराही जण पूस म्हणाले, तर माझ्या भावाचा आवाज या जगात कुठेच राहणार नाही. हे मी समजून लिहितो आहे.

संस्थेचं परवा नवं पत्र आलं. संग्रहाचा दुसरा टप्पा. यावेळी कामगारांनाच बोलतं करायचं आहे म्हणे, त्यांच्याच शब्दांत. माझं 'मार्गदर्शन' हवं आहे. मी उत्तर पाठवलं आहे, पोच मागून. कॅमेरा आमच्या माणसाच्या हातात राहील. कात्री आमच्या माणसाच्या हातात राहील. मूळ कॅसेट ज्याची त्याच्या घरी राहील. नाव आधी येईल आणि ते कोणी कापणार नाही. गणपती असेल तर जयंतीही असेल. यातलं एकही कलम गळालं, तर आम्ही काही देणार नाही. मग तुमच्या यादीत आमच्या नावापुढे काही नाही असं लिहा. आणि का नाही, तेही लिहा. ते लिहिलंत की नाही, हे बघायला मी दर महिन्याला येणार आहे.